चाचपणी

१

न खणता जमिनीत काय आहे ते सांगायचं, हे निंगप्पाचं काम. पाणीखात्यात तो फिटर म्हणून लागला होता, पण फिटर दुसरेही होते. सळई लावावी ती निंगप्पानेच, असं सगळे म्हणत. सोलापुरात कुठे नवा नळ टाकायचा असला, की आधी तो जाई. हातात सळई, खांद्याला फक्कीची पिशवी. रस्त्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ठरावीक अंतरावर तो सळई घालत जाई. खाली काही लागलं की त्याच्या डोक्यावर पांढरी फक्की टाकी. मग खोदणारे येत. फक्कीची रेघ दिसली की ते कुदळ जपून चालवत, नसली की बेधडक मारत. म्हणजे आठदहा माणसांचा जीव त्या चुन्याच्या भुकटीवर असे आणि निंगप्पाला हे रोज आठवे.

त्याच्याकडे दोन सळया होत्या. एक अणकुचीदार. ती मुरमात भराभर जाई, पण शिशाचा नळ असला तर त्यालाही भोक पाडी. दुसरीचं टोक बोरासारखं गोल घासलेलं, आडवी मूठ लाकडाची, आणि मुठीवर सायकलची ट्यूब घट्ट गुंडाळलेली. जिथे विजेची केबल असण्याचा नुसता संशय असेल, तिथे ही दुसरीच. तिलाही हातोडा लावायचा नाही. अंगाचा भार द्यायचा, मूठ जराशी फिरवायची, थांबायचं. परत भार, परत जरासं फिरवणं, परत थांबणं. थांबायचं ते हाताला काय कळतंय हे बघायला. बिडाचा नळ हातात वाजतो. दगड करकरतो. केबलवर विटांचा थर असतो, तो भुसभुशीत लागतो. तिथेच हात मागे घ्यायचा.

त्याचा आधीचा जोडीदार धुळाप्पा एका दुपारी कंटाळला आणि त्याने अणकुचीदार सळईवर घण घातला. निंगप्पा पोचला तेव्हा धुळाप्पाला चादरीखाली ठेवलं होतं आणि सळई मात्र केबलीत तशीच उभी होती. तिला हात लावायला कुणी तयार नव्हतं. त्यानंतर निंगप्पाने कामाचा वेग कधी वाढवला नाही.

२

बहात्तरचा दुष्काळ चालूच होता आणि पुढचा उन्हाळा लागला होता. नळाला चार दिवसांआड पाणी सुटे, तेही करंगळीएवढं. एका बंद गिरणीच्या मागच्या गल्लीतून नवी लाईन न्यायची ठरली. त्या गल्लीत गिरणीची जुनी केबल कुठून तरी आडवी जात होती. नेमकी कुठून, ते कुणालाच माहीत नव्हतं. नकाशावर ती दोन ठिकाणी दाखवली होती.

जोडीला रामहरी होता. माढ्याकडचा, पस्तिशीचा, दोन पोरांचा बाप, अखंड बडबड्या. निंगप्पाला तो अण्णा म्हणे. खात्यातली माणसं निंगप्पापुढे गप्प राहत, हा मात्र जमिनीशीसुद्धा बोले. मुठीवर भार दिला की लाडाने हाक मारायची: "कुटं हायस रं बा? कुटं लपलायस, बा?" निंगप्पाने त्याला हात शिकवला होता. भार, फिरव, थांब. रामहरीचा हात चांगला बसला होता, फक्त थांबायच्या वेळी तो गप्प बसण्याऐवजी "बा, रं बा" करी. निंगप्पाला ते आवडायचं. धुळाप्पा गेल्यापासून कामावर आवाज असलेला त्याला बरा वाटे.

गल्लीतली घरं बहुतेक कानडी. कोपऱ्यावर काशम्मा नावाची म्हातारी उंबऱ्यात बसून दिवसभर यांचं काम बघे. पहिल्याच दिवशी ती निंगप्पाला कानडीत म्हणाली, "तुझा हा माणूस किती बोलावतोय रे! कुणीतरी येईल बघ." निंगप्पा हसला. रामहरीच्या बडबडीला सगळेच असं काही ना काही म्हणत.

केबल काही लागेना. गल्लीच्या मधोमध, सळई पार मुठीपर्यंत आत गेली तेव्हा वेगळंच काही लागलं. बीड नव्हतं, दगड नव्हता, वीटही नव्हती. भार दिला की ते किंचित दबे आणि भार काढला की हळूच परत वर येई. भरलेल्या पखालीला अंगठा लावावा तसं.

"काय लागलं, अण्णा?"

निंगप्पाने मूठ सोडली. जुन्या केबलीला डांबर लावलेलं तागाचं कापड गुंडाळत, ते कुजून फुगलं असेल, असं तो म्हणाला. तिथे त्याने फक्की टाकली आणि दोघे घरी गेले.

३

दुसऱ्या दिवशी त्याच भोकात सळई घातली, तर मूठ जमिनीपासून वीतभर वर राहिली.

निंगप्पाने सळई काढून पुसली, परत घातली. मूठ तिथेच राहिली. काल जे पार खाली होतं ते आज वीतभर वर आलं होतं. काळी माती फुगते, पण पावसात. इथे तर भेगा पडल्या होत्या. त्याने आजूबाजूला घालून पाहिली. सगळीकडे तेच, आणि त्याच उंचीला.

रामहरीला त्यात काही वाटलं नाही. काल अण्णा नीट वाकले नसतील, वय झालं, असं म्हणून तो हसला. निंगप्पाने वाद घातला नाही. आपल्या हातापेक्षा डोळ्यावर विश्वास ठेवणाऱ्यांपैकी तो नव्हता, पण चूक होऊ शकते हे तो मानत असे. धुळाप्पाने मानलं नव्हतं.

नळ आहे की नाही याची खात्री करायची त्याची शेवटची रीत म्हणजे ऐकणं. सळई टेकवायची आणि मुठीच्या लाकडाला कान लावायचा. पाणी वाहत असलं की घरघर येते. त्या दिवशी पाणी सुटायचं नव्हतं, तेव्हा नळ असला तरी आवाज येणार नव्हता. तरी निंगप्पा गुडघ्यावर बसला आणि त्याने कान लावला.

आवाज आला. पाण्याचा नव्हता. माती सरकल्याचा होता. जरा सरके, मग बारीकशी करकर, मग शांत. परत सरके, करकर, शांत. घूस असेल, असं त्याच्या मनात आलं. पण घूस अशी थांबत नाही.

तो उठला आणि काशम्माच्या पायरीवर जाऊन बसला. तिने तांब्याभर पाणी दिलं, त्या दिवसांत कुणी सहज देत नसे तरी दिलं. पाणी घशाखाली उतरताना त्याला कळलं की हा आवाज आपल्याला चांगला ओळखीचा आहे. इतकी वर्षं तो रोज आपल्याच हाताखाली येत होता, म्हणून ओळखू आला नाही.

भार. जरासं फिरवणं. थांबणं.

खाली कुणीतरी चाचपत होतं. आणि रीत बरोबर होती.

४

रामहरीला त्याने काही सांगितलं नाही. सांगायचं तरी काय? संध्याकाळी परत निघताना मात्र त्याने गल्लीभर नजर टाकली. सळईच्या भोकांची त्याला सवय होती. सळई वरून आत जाते, तिच्याबरोबर कडेची माती आत दबते, कडा बसलेल्या राहतात. गल्लीत त्यांनी पाडलेली भोकं तशीच होती. पण त्यांच्या मधेमधे आणखी काही भोकं होती. त्यांच्या कडा उचललेल्या होत्या आणि भोवती चाळणीतून पडावी तशी बारीक माती साचली होती.

ती भोकं त्यांच्या भोकांच्या रांगेतच होती.

काशम्माच्या अंगणात जात्याची खालची तळी पालथी घातलेली होती. खाली काय झाकलंय, असं निंगप्पाने विचारलं. उद्या लेकीकडे अक्कलकोटला जाते, एवढंच म्हातारी म्हणाली.

त्याच संध्याकाळी ओव्हरसियर वेणीमाधव सायकलवरून आले. माणूस चांगला होता, पण त्यांच्या दारात रोज बाया रिकाम्या घागरी आपटून जात होत्या. परवा खोदाई सुरू झालीच पाहिजे, असं त्यांनी सांगितलं. निंगप्पाने आठवडा मागितला.

"कारण काय सांगू वर?" वेणीमाधव म्हणाले. "केबल सापडली नाही म्हणून? मग नाहीच ती इथं."

"इथं नगं साहेब. शेजारच्या गल्लीतनं न्या."

"का पण? काय आहे इथं?"

निंगप्पाने सळईची मूठ पुसायला घेतली. इतकी वर्षं लोक त्याला हाच प्रश्न विचारत आले होते आणि त्याने दर वेळी उत्तर दिलं होतं. वेणीमाधव आवाज न चढवता म्हणाले, की निंगप्पा थकले असतील तर उद्याची उरलेली चाचपणी रामहरी करील, फक्कीही तोच मारील, आणि परवा खोदणाऱ्यांबरोबर चरात तोच उतरून लक्ष ठेवील. रामहरी खूश झाला. पहिल्यांदाच त्याच्या हातात गल्ली येत होती.

"काळजी करू नका, अण्णा," घराकडे जाताना तो म्हणाला. "तुमी शिकवलंय तसंच करीन. घणाला हात लावत न्हाय."

निंगप्पाला घणाची भीती नव्हती. सायकलच्या ट्यूबचा आणि गोल टोकाचा इथे काही उपयोग होणार नव्हता, हे त्याला दिसत होतं. आणि परवा चरात पहिला पाय रामहरीचा पडणार होता.

५

निंगप्पाच्या घरी कानडी चाले आणि कामावर मराठी. त्याचे कानसुद्धा तसेच वाटलेले होते. घराचा उंबरा ओलांडला की एक कान मिटे आणि दुसरा उघडे. हे त्याच्या कधी ध्यानातही आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला नाही. अंगात कसकस आहे म्हणून पडून राहिला. दुपार टळायला आली तेव्हा त्याची बायको महादेवी बाजेखाली वाकून बसली होती. आदल्या आठवड्यात व्यालेल्या शेळीचं करडू बुजून बाजेखालच्या अंधारात शिरलं होतं. तिने हातात पाला धरला होता आणि ती हळू आवाजात त्याला चुचकारत होती.

"बा... बा... इल्लि बा."

ये, ये, इकडे ये. निंगप्पा डोळे मिटून ऐकत होता. करडू आधी हललंच नाही. मग अंधारात त्याचा खूर जरासा सरकला. थांबलं. महादेवी परत म्हणाली, "बा." ते परत जरासं सरकलं आणि थांबलं. दर हाकेला थोडं, दर हाकेला थोडं.

निंगप्पा ताडकन उठून बसला.

रामहरी मराठी माणूस. त्याच्या तोंडी ते लाडाचं होतं, रं बा, अरे बाबा. त्याच्या गावात लेकरालाही बा म्हणतात आणि बापालाही. पण ती गल्ली कानडी होती. गल्लीच्या खाली जे काही होतं त्याला माढ्याची बोली कुठून कळणार? आठवडाभर, दर भोकाशी तोंड नेऊन, सळई थांबली की, रामहरी त्याला ये म्हणत होता. काशम्माने हे पहिल्याच दिवशी ऐकलं होतं. निंगप्पा शेजारी उभा राहून हसला होता, कारण त्याचा कानडी कान घरी होता.

"याक?" महादेवीने विचारलं. का, काय झालं?

त्याने वहाणा पायात सरकवल्या आणि तो निघाला.

६

ऊन अजून उतरलं नव्हतं. गल्लीतली दारं बंद होती, काशम्माच्या दाराला कुलूप होतं. गल्लीच्या मधोमध रामहरी उकिडवा बसला होता. मुठीला कान लावून, डोळे मिटून. तो हसत होता.

त्याचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते. सळईवर कुणाचाही हात नव्हता. आणि सळई खाली जात होती. जराशी जाई, मूठ जराशी वळे, थांबे. मुठीबरोबर रामहरीचं डोकंही तेवढंच खाली वाके.

"अण्णा, या की," तो डोळे न उघडता म्हणाला. "आत बोलतंय कोनतरी."

"काय बोलतंय?"

"बा म्हनतंय मला." त्याच्या आवाजात कौतुक होतं. "माजं धाकटं पोरगं म्हनतं की, तसंच. बा, बा. लई गोड म्हनतंय."

निंगप्पाने त्याच्या पायांकडे पाहिलं. रामहरीच्या पावलांभोवती उचललेल्या कडांची भोकं होती. एवढी जवळजवळ, की त्यांची माती एकमेकांत मिसळली होती. वस्तू लांब असते तेव्हा माणूस लांब लांब चाचपतो. ती कुठे आहे हे कळलं की अंतर कमी करत आणतो, तिच्या कडा ठरवायला. रामहरीच्या कडा ठरत आल्या होत्या.

त्याला ओरडायचं होतं, ऊठ, इकडे ये. पण अशा वेळी माणसाच्या तोंडातून आईची बोली येते. त्याने जीव खाऊन हाक मारली.

"बा! इल्लि बा!"

रामहरीने डोळे उघडले. अण्णा काय म्हणतायत हे त्याला कळलं नाही. तो होता तिथेच राहिला.

सळई थांबली.

गल्लीत कसलाच आवाज नव्हता. मग रामहरीच्या पायापासून थोड्या अंतरावर, निंगप्पाच्या बाजूला, जमिनीवर बारीक मातीची एक टेकडी उमटली. मग तिच्यापुढे दुसरी. कसली घाई नव्हती. सरळ रेघेत, मधे थांबत थांबत, त्या टेकड्या त्याच्याकडे आल्या. निंगप्पाला पळता आलं असतं. पण तो पळाला तर ते परत मागे फिरेल, आणि मागे रामहरी होता. तो उभा राहिला.

वहाणेच्या तळाला खालून काहीतरी लागलं. बोराएवढं, गोल. खालून भार आला. जरासं फिरलं. थांबलं. निंगप्पाला वाटलं, आता ते ठरवतंय: बीड, दगड की वीट. परत भार आला. या वेळी वहाणेच्या कडेवरून, करंगळीच्या शेजारी, ते वर आलं आणि त्याच्या पायाच्या कातडीला लागलं. किंचित दबलं, किंचित मागे आलं. निंगप्पाने खाली पाहिलं.

ते लोखंड नव्हतं. मातीच्या रंगाचं, बोटाएवढं जाड, टोकाशी गुळगुळीत. आणि त्याला नख होतं. नख नीट कापलेलं होतं.

मग ते आत गेलं.

निंगप्पाने रामहरीला काखेत हात घालून उठवलं आणि गल्लीच्या तोंडाशी नेऊन बसवलं. रामहरीच्या कानाला मुठीचा ठसा उमटला होता. तो खुळ्यासारखा विचारत राहिला, की अण्णा कानडीत का ओरडले, आणि त्या पोराचं काय. निंगप्पाने रामहरीजवळची फक्कीची पिशवी उघडली आणि गल्लीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, पुढून मागून, पिशवी रिकामी होईपर्यंत रेघा मारल्या. संध्याकाळी वेणीमाधवांना सांगितलं, की केबल सापडली, गल्लीभर पसरलीय, कुदळ लावली तर माणसं मरतील. आयुष्यात प्रथमच त्याने न लागलेल्या वस्तूवर खूण केली होती. वेणीमाधवांनी रेघा पाहिल्या, त्याचा चेहरा पाहिला आणि लाईन शेजारच्या गल्लीतून वळवली. सळई काढायला कुणी गेलं नाही. ती बहुधा दुसऱ्या दिवशी वर नव्हतीच.

रामहरीची बदली निंगप्पाने स्वतः शब्द टाकून व्हॉल्व्हच्या कामावर करून घेतली. तिथे जमिनीशी बोलावं लागत नाही.

७

पुढे काही दिवस काही झालं नाही. नव्या लाईनीला पाणी सुटलं. बायांच्या घागरी भरल्या.

मग एका सकाळी महादेवी उंदरांच्या नावाने बोटं मोडू लागली. कालच सारवलेली जमीन त्यांनी पोखरली होती. निंगप्पा बाजेवर पडल्या पडल्या बघत होता. उंबऱ्यापाशी पहिलं भोक होतं. मग चुलीच्या बाजूला एक. दोन्हींत बरंच अंतर. तिथून ती रेघ वळली होती आणि बाजेकडे येताना भोकं जवळ जवळ होत गेली होती. बाजेखाली आणि बाजेभोवती ती इतकी दाट होती की शेणाचं सारवण चाळणीसारखं दिसत होतं. सगळ्यांच्या कडा उचललेल्या होत्या.

महादेवीने केरसुणी घेतली. त्याने तिला राहू दे म्हटलं. करडाला आणि शेळीला घेऊन माहेरी जा, आजच जा, असं सांगितलं. ती रागावली, मग त्याच्याकडे बघून लुगड्यांचं गाठोडं बांधायला लागली. तिच्या पावलांखाली एकही भोक नव्हतं, हे त्याने नीट पाहून घेतलं. तिला कुणी शोधत नव्हतं.

तोही तिच्याबरोबर जाऊ शकला असता. पण जिथे जाईल तिथे जमीन असणारच होती, आणि तिथे महादेवीही असती.

ती गेल्यावर तो पाय वर घेऊन बाजेवर बसला. चाचपणी पूर्ण झाली होती, हे भोकांवरून कोणालाही कळलं असतं. आता खूण करायची राहिली होती, किंवा तीही झाली असेल. ती त्याला दिसणार नव्हती. ज्या बाजूने शोधतात त्या बाजूला खूण करतात. डोक्यावर फक्कीची रेघ पडली हे नळाला थोडंच कळतं?

ऊन दारातून आत आलं. बाजेच्या पायांतून एक बारीक थरथर त्याच्या मांड्यांपर्यंत पोचली. थांबली. परत आली. मग कळलं की ती एक नाही, पुष्कळ आहेत, एकामागून एक, खोल खाली, माणसं रांगेने कामाला लागावीत तशा.

निंगप्पाने कान लावला नाही. लावायची गरज नव्हती. कुदळी होत्या, आणि कुणीही त्या बेधडक मारत नव्हतं. जपून चालवत होते.